हिरवा की सोनेरी: ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टनचा शर्ट शिवताना

‘स्टार ट्रेक’ची, म्हणजे एका अंतराळयानाच्या सफरींची, मूळ टीव्ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर चालली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही लागली. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना कॅप्टनच्या शर्टाचा रंग विचारा. कुणी पिवळा म्हणेल, कुणी सोनेरी. प्रत्यक्षात ते कापड हिरवं होतं. कच्च्या लिंबाच्या आणि अव्होकाडोच्या मधला हिरवा. स्टुडिओचे दिवे आणि त्या वेळची फिल्म यांच्यातून जाताना तो सोनेरी झाला. मालिकेतच याचा पुरावा आहे: याच कॅप्टनचा समोरून एकावर एक येणारा दुसरा शर्ट आणि समारंभाचा गणवेश पडद्यावर चक्क हिरवे दिसतात. रंग तोच धरलेला होता, कापड वेगळं होतं, म्हणून कॅमेऱ्याने वेगळा टिपला.

हा शर्ट, म्हणजे ट्युनिक, पडद्यावरच्याशी तंतोतंत शिवायचं म्हटलं की पहिला प्रश्न इथेच येतो. तंतोतंत कशाशी? पडद्यावर दिसलं त्याच्याशी, की दिव्यांखाली जे कापड होतं त्याच्याशी? सोनेरी कापड घेतलंत तर घरातल्या उजेडात लोक लगेच ओळखतील. हिरवं घेतलंत तर दर चौथा माणूस ‘रंग चुकला’ म्हणेल. मी कापड खरं धरायचं ठरवलं आणि तिथून पुढचे सात महिने गेले. त्यातला दीड महिना नुसत्या रंगाने खाल्ला. जे लागलं, जे बिघडलं आणि जेवढा खर्च झाला, ते क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात १४ जानेवारी २०२४ ला, आवृत्ती ठरवण्यापासून. मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस. पहिल्या दोन हंगामांत ट्युनिक वेलूरची होती. वेलूर म्हणजे विणीचं, ताणलं जाणारं, वर लव असलेलं कापड. ते धुलाईत आटायचं आणि सहज फाटायचंही, म्हणून तिसऱ्या हंगामात डबल निट, म्हणजे दुहेरी विणीचं, नायलॉन आलं. पहिल्यांदाच शिवणार असाल तर तिसरा हंगाम घ्या. पॉलिस्टरचं डबल निट कुठेही मिळतं, आटत नाही, मशीनखाली सरकत नाही. मी पहिला हंगाम घेतला, कारण हिरव्या-सोनेरीची सगळी गंमत वेलूरच्या लवेत आहे. एक चूक मात्र करू नका. सुरुवातीच्या दोन पायलट, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या, भागांचे गणवेश वेगळे आहेत, त्यांची गळपट्टी जाड आहे आणि काळी नाही. इंटरनेटवर ‘पहिला हंगाम’ म्हणून दिलेल्या फोटोंमध्ये ते सर्रास मिसळलेले असतात.

हुद्दाही आताच ठरवा, कारण बाहीवरची सोनेरी लेस त्यावर अवलंबून. कॅप्टनच्या बाहीवर दोन सलग रेषा आणि त्यांच्या मध्ये एक तुटक. कमांडरला दोन सलग, लेफ्टनंट कमांडरला एक सलग आणि एक तुटक, लेफ्टनंटला एक सलग, एन्साइनला काहीच नाही. लेसचा खर्च पुढे वाचाल तेव्हा एन्साइन होण्यात शहाणपण होतं असं तुम्हालाही वाटेल.

पुढचे तीन आठवडे नुसते फोटो जमवण्यात गेले. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात ‘स्टार ट्रेक’ मालिकांच्या वस्तूंचा मोठा लिलाव झाला होता. त्याच्या कॅटलॉगमधले फोटो सपाट उजेडात काढलेले आहेत, त्यामुळे शिवणी मोजता येतात. वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयात मालिकेतल्या उहुरा या स्त्री अधिकाऱ्याचा लाल गणवेश आहे. रंग आणि कट वेगळा असला तरी एका खऱ्या गणवेशावर छातीवरचं चिन्ह कुठे आणि कसं बसवलंय ते अशा फोटोंत दिसतं. पडद्यावरच्या फ्रेम सर्वांत शेवटी बघा. डीव्हीडी आणि २००९ ची ब्लू-रे यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे फ्रेमवरून रंग उचलायला जाऊच नका. फ्रेम फक्त मापांसाठी.

मापं कशी काढायची? माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आहे अशी फ्रेम शोधायची. प्रौढ पुरुषाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मिलिमीटर धरून चिन्हाची उंची, गळपट्टीची रुंदी वगैरेचं प्रमाण काढायचं. इथे दोन ठिकाणी फसगत होते. जुन्या डीव्हीडीची फ्रेम ७२० बाय ४८० असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. ती आधी ६४० बाय ४८० केली नाही तर सगळ्या रुंद्या साधारण एक अष्टमांशाने जास्त येतात. दुसरं म्हणजे छाती आणि डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात, तेव्हा एका फ्रेमवर विश्वास ठेवायचा नाही. मी नऊ फ्रेम मोजल्या. चिन्हाची उंची ६८ ते ७६ मिलिमीटर आली. ७२ धरली.

फेब्रुवारीत कच्चा नमुना. ट्युनिकची बाही रॅगलन आहे, म्हणजे खांद्यावर शिवण नाही. बाही थेट गळ्यापासून निघून काखेत उतरते. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या आणि गळपट्टी, एवढेच तुकडे. चेन पुढच्या रॅगलन शिवणीत लपवलेली. कमी तुकडे म्हणून सोपं वाटतं, पण रॅगलनमध्ये मुंढ्याची, म्हणजे काखेकडच्या कापाची, खोली चुकली की हात वर केल्यावर अख्खा शर्ट वर येतो. पहिला नमुना मांजरपाटात शिवला आणि तो जवळपास वाया गेला. मांजरपाट ताणला जात नाही, वेलूर ताणलं जातं. मांजरपाटात छातीला ४ इंच सैल ठेवलं तर वेलूरमध्ये ते गोणपाटासारखं लोंबतं. दुसरा आणि तिसरा नमुना स्वस्त होजिअरीच्या कापडात केला, तेव्हा कुठे छातीला दीड इंच सैल आणि मुंढा पाऊण इंचाने वर असा हिशोब बसला. बाही मनगटाच्या हाडाच्या किंचित वर संपवा. शिंप्याला दिलीत तर तो सवयीने हाडाखाली आणेल आणि ते लगेच नजरेत येतं.

२४ फेब्रुवारीला कापडासाठी मुंबईला मंगलदास मार्केट. रविवारी बंद असतं, शनिवारी सकाळी लवकर गेलेलं बरं. ‘वेलूर’ म्हटल्यावर दहातले नऊ दुकानदार वेलवेट काढतात. दोन्हींना लव असते, पण वेलवेट हातमागावरच्या कापडासारखं उभ्या-आडव्या धाग्यांचं, वेलूर विणीचं. आडवं ओढून बघा: वेलवेट जागचं हलत नाही. ताणलं जाणारं वेलवेटही मिळतं, पण ते आरशासारखं चमकतं. ट्युनिकची चमक मंद आहे. जे वेलूर मिळालं ते सगळं पॉलिस्टर निघालं. कडेचा एक धागा काढून जाळला की कळतं. सुती धागा जळलेल्या कागदासारखा वास देतो आणि बोटांत राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. मला सुती हवं होतं, कारण हवा तो हिरवा तयार मिळणार नव्हता, आणि पॉलिस्टर घरी रंगवणं म्हणजे उकळत्या पाण्यात डिस्पर्स रंगांचा वास घरभर. सुती कापड मात्र रिॲक्टिव्ह रंगांनी कोमट पाण्यातसुद्धा रंगतं.

शेवटी तिरुपूरच्या एका पुरवठादाराकडे पांढरं वेलूर मिळालं: ८५ टक्के सुती, १५ टक्के पॉलिस्टर, २८० जीएसएम (चौरस मीटरला २८० ग्रॅम), पन्हा ६० इंच. विणीचं कापड मीटरवर नाही, किलोवर मिळतं आणि कमीत कमी ५ किलो घ्यावं लागलं. किलोला ६२० रुपये, वर ५ टक्के जीएसटी आणि ३५० रुपये कुरिअर, एकूण ३,६०५ रुपये. ४ मार्चला पैसे भरले, १३ ला गठ्ठा आला. एका मीटरचं वजन साधारण ४२० ग्रॅम, म्हणजे जवळपास १२ मीटर. लागणार होतं पावणेदोन. तेव्हा हसू आलं होतं. एप्रिलमध्ये त्याच जास्तीच्या कापडाने वाचवलं.

कापण्याआधी आटवून घ्या. ५० सेंटिमीटरचा चौरस कापून दोनदा गरम पाण्यात धुतला: उभ्यात ४७, आडव्यात ४८.५ उरला. म्हणजे उभ्या बाजूने ६ टक्के. २६ इंच उंचीच्या शर्टात दीड इंचाहून जास्त. मूळ शर्ट का आटत होते ते हातात मोजपट्टी धरून कळलं.

मग रंग. १७ मार्च ते ७ एप्रिल फक्त तुकडे रंगवणं चाललं होतं: प्रत्येकी १० ग्रॅमचे १२ तुकडे. पद्धत सोपी आहे, फक्त कंटाळा करायचा नाही. प्रत्येक रंगाचं १ टक्का द्रावण करून ठेवायचं, म्हणजे १ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात, आणि सिरिंजने मोजून मिसळायचं. चिमटीने घेतलेला रंग दुसऱ्यांदा कधीच तसा येत नाही. पिवळ्यात नुसता निळा घातला तर पोपटी होतो, शाळेच्या गॅदरिंगमधल्या झाडासारखा. त्याला मारायला तपकिरी लागतो. माझं अंतिम प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनावर असं: लेमन यलो १.६ टक्के, तपकिरी ०.३ टक्के, नेव्ही ब्लू ०.१२ टक्के.

आणि प्रत्येक तुकडा तीन उजेडांत बघायचा: दुपारी गच्चीवर, ट्यूबलाइटखाली आणि जुन्या पद्धतीच्या तारेच्या पिवळ्या बल्बखाली. असे बल्ब अजून इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. पांढऱ्या एलईडीखाली ही चाचणी निरुपयोगी आहे. सात नंबरचा आणि नऊ नंबरचा तुकडा ट्यूबलाइटखाली हुबेहूब सारखे होते. बल्बखाली सात मोहरीकडे गेला, नऊ शेवाळी राहिला. वेगवेगळ्या रंगांच्या मिश्रणातून एकच छटा आली तरी उजेड बदलला की ती फुटते. मूळ शर्टाच्या बाबतीत जे घडलं त्याचं हे घरगुती रूप. फोन मात्र खोटं बोलतो, कारण तो पांढरा रंग स्वतःहून दुरुस्त करतो. प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स ५५०० वर पक्का करा आणि मग बल्बखाली फोटो काढा. माझा सात नंबर त्यात जवळजवळ सोनेरी आला. तोच घेतला.

पूर्ण कापड पहिल्यांदा १४ एप्रिलला रंगवलं आणि बिघडलं. ७५० ग्रॅम कापड, त्याच्या २० पट म्हणजे १५ लिटर पाणी. लिटरला ५० ग्रॅमप्रमाणे ७५० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅमप्रमाणे २२५ ग्रॅम सोडा ॲश. रंग १२ ग्रॅम, सव्वादोन ग्रॅम आणि ०.९ ग्रॅम. आकडे सगळे बरोबर. चूक अशी की सोडा कोरडाच, एकदम, कापडावर पडला. सोडा रंगाला धाग्याशी बांधतो. जिथे तो आधी पोचला तिथे रंग आधी बसला आणि हाताएवढे गडद डाग उमटले. असे डाग परत रंगवून जात नाहीत, फक्त अख्खं कापड गडद होतं. शिवाय पाणी बोअरचं, जड. त्यामुळे बारीक पांढुरक्या रेघा आल्या त्या वेगळ्याच.

२८ एप्रिलला दुसरा घाणा, यावेळी आरओचं पाणी. २० मिनिटं नुसत्या रंगात, मग मीठ तीन हप्त्यांत, दर दहा मिनिटांनी. त्यानंतर सोडा आधी दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून, कापड बाजूला उचलून धरून, तोही तीन हप्त्यांत. हे दोन लिटर १५ मध्येच धरलेले. पुढे तासभर सतत हलवत राहायचं. हातमोजे लागतातच, पूड उडत असताना तोंडाला मास्कही लावा आणि ही भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. शेवटी गार पाण्यात तीनदा आणि गरम साबणाच्या पाण्यात दोनदा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ओलं कापड भयंकर गडद दिसतं, घाबरू नका. सावलीत वाळवून, अर्धवट ओलं असताना मऊ ब्रशने लव एका दिशेने बसवली की खरा रंग दिसतो. आला.

कापणी ४ मे. वेलूर कधीही दुहेरी घडी घालून कापू नका, दोन लवा एकमेकींवर सरकतात. एकेरी पसरायचं, लव खाली, आणि खडूने मागच्या बाजूला आखायचं. लवेची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच हवी. एक बाही उलटी कापली तर ती वेगळ्याच कापडाची वाटते. लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग खोल दिसतो, खालच्या दिशेने ठेवली तर फिकट आणि चमकदार. मी खालच्या दिशेने ठेवली, कारण बल्बखाली सोनेरीपणा तिथेच जास्त उमटत होता. या एका दिशेपायी कापड पावपट जास्त लागतं. शिवणीबाहेरची माया दीड सेंटिमीटर सोडा. होजिअरीसारखी पाऊण ठेवलीत तर लव शिवणीत गोळा होते आणि टीप कडेवरून सुटते.

शिवणकाम मे महिन्याच्या शनिवार-रविवारी झालं. बॉल पॉइंटची (गोल टोकाची) ११ नंबर सुई, वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा पाय), टाक्याची लांबी ३ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर झिगझॅग. टाचण्या पुरत नाहीत, वरचं कापड दर वीतभर अर्धा सेंटिमीटर पुढे सरकतं. प्रत्येक शिवण आधी हाताने तिरक्या टाक्यांनी कच्ची घाला, मग लवेच्या दिशेने मशीन चालवा. वेळ दुप्पट जातो, पण उसवण्यापेक्षा कमीच, कारण वेलूर उसवलं की लवेत रेघ राहते. दर दोन शिवणींनंतर बॉबिनची पेटी उघडून ब्रशने साफ करा. हिरवा भुसा किती निघतो ते बघाल.

चेन सर्वांत नाजूक. ९ इंचाची इनव्हिजिबल चेन, शिवणीच्या दोन्ही बाजूंना आधी इंचभर रुंद निटचं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर. फ्युजिंग न लावता बसवलेली माझी पहिली चेन लाटांसारखी उभी राहिली. आणि चेन गळपट्टीच्या आत किती जाणार ते आधी ठरवा. गळपट्टी शिवल्यावर ते सुचलं तर सगळं उसवावं लागतं. गळपट्टी काळ्या रिबची (उभ्या रेघांच्या, ताणल्या जाणाऱ्या विणीची), तयार ३.५ सेंटिमीटर उंच. गळ्याचा घेर ४२ सेंटिमीटर, तर रिब ३६ कापली आणि ताणून शिवली. पूर्ण ४२ ठेवली तर ती मानेपासून उघडते. काळी रिब आधी दोनदा धुवून घ्या, नाहीतर पहिल्याच घामाला रंग खाली उतरतो.

इस्त्री थेट टेकवायची नाही. वेलूरचाच उरलेला तुकडा लव वर करून ठेवा, त्यावर शर्ट लव खाली करून, आणि मागून नुसती वाफ. एकदा इस्त्रीचा तळ टेकला की त्याचा ठसा जात नाही.

लेस २० एप्रिललाच अमेरिकेतून मागवली होती. बारीक नागमोडी सोनेरी, सलग आणि तुटक, दोन्ही. टपालखर्चासकट ४२ डॉलर, त्या वेळचे ३,५०० रुपये. पार्सल मुंबईत तपासणीत १९ दिवस राहिलं. आधार, पॅन आणि खरेदीची पावती मागितली. पावतीवर ‘सजावटीची लेस, २ मीटर’ असा स्पष्ट उल्लेख नव्हता, म्हणून विक्रेत्याकडून नवी घेऊन पाठवावी लागली. हे आधीच लिहून घ्या. शुल्क लागलं ७७.२८ टक्के. आकडा विचित्र वाटतो, पण तो असा बनतो: मूळ शुल्क ३५ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार म्हणजे ३.५, आणि या सगळ्यासकट होणाऱ्या रकमेवर २८ टक्के आयजीएसटी. शुल्क टपालखर्च धरून आकारतात. २,७०५ रुपये. वैयक्तिक आयातीचे दर त्यानंतर बदलले आहेत, तेव्हा मागवायच्या दिवशीचा दर बघा. ११ जूनला लेस हातात.

तोवर नमुन्यासाठी पुण्यात रविवार पेठेतून ९० रुपयांची लेस आणली होती. ‘सोनेरी’ मागितलं तर लग्नातल्या शालूसारखी पिवळीजर्द देतात. ‘अँटिक’ म्हणा, म्हणजे दबलेला सोनेरी मिळतो. वळणं अमेरिकेच्या लेसमध्ये अधिक नेमकी आहेत. पाच फुटांवरून फरक कळत नाही. पैसे गेलेच होते म्हणून आयात केलेली लावली. आज सुरुवात करायची असती तर अँटिकवर भागवलं असतं. लेस हाताने टाका, मशीनने टाकलीत तर बाहीचा घेर आवळला जातो. आणि बाहीची शेवटची शिवण घालण्याआधी, बाही सपाट असतानाच टाका.

छातीवरच्या चिन्हासाठी सोनेरी कापडावर काळं भरतकाम हवं. बाणाच्या टोकासारखा आकार, आत कमांडचा, म्हणजे नेतृत्व विभागाचा, लांबट तारा. जमीन म्हणून ब्लाउजला वापरतात ते सोनेरी टिश्यू घेतलं. ३ जूनला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे दिलं आणि ही वेळ सपशेल चुकली, कारण जून म्हणजे शाळांच्या बिल्ल्यांचा हंगाम. सहा आठवडे. जानेवारीत द्या, चार दिवसांत होतं. फाइल डीएसटी स्वरूपात, म्हणजे भरतकामाच्या मशीनला वाचता येईल अशी, करून घेण्याचे ५५०, आणि सहा नग प्रत्येकी १०० रुपये. सहा कशाला? पहिले दोन फाटले. टिश्यूचे जरीचे धागे दाट टाक्यांखाली कापले जातात आणि किनार सुटून येते. कारागिराने टाके विरळ केले, मागे कागद दुहेरी लावला, टिश्यूला आधी फ्युजिंग चिकटवलं, मग उरलेले चार नीट आले. १३ जुलैला मिळाले. किनारीबाहेर २ मिलिमीटर सोडून कापायचं, कडेला पातळ फॅब्रिक ग्लू, आणि छातीच्या डाव्या बाजूला हाताने टाकायचं. जागा ठरवताना शर्ट अंगात घाला. टेबलावर बरोबर वाटलेली जागा अंगावर काखेकडे सरकते. माझी दोन सेंटिमीटर आत घ्यावी लागली.

पँट आणि बूट जुलैअखेर उरकले. काळं टेरिकॉट, पायाशी किंचित बेल, लांबी बूट दिसतील इतकी आखूड, बाहेरून खिसे नाहीत. शिंप्याला खिसे नको हे दोनदा सांगा, तरी तिसऱ्यांदा विचारेल. कापड आणि शिलाई मिळून १,४५०. बूट काळे, घोट्यापर्यंतचे, टाच दीड इंच, २,८००. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबला असतात तर गणपतीच्या गर्दीत शिंपी आणि लेसवाले दोघांनीही दाद दिली नसती. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती.

१८ ऑगस्टला काम संपलं. हिशोब: वेलूर ३,६०५, नमुन्यांचं कापड ४२०, रंग-मीठ-सोडा ६९०, चेन-दोरा-सुया-फ्युजिंग ३१०, रिब १२०, भरतकाम १,१५०, अमेरिकेची लेस शुल्कासह ६,२०५, अँटिक लेस ९०, पँट १,४५०, बूट २,८००. एकूण १६,८४० रुपये, मुंबईची फेरी वेगळी. बाहेरची लेस काढली तर हाच आकडा १०,६३५ वर येतो.

मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवला होता. २०२४ च्या त्याच तारखेला फोटो काढले. गच्चीवर हिरवा, बल्बखाली सोनेरी, दिवाणखान्यातल्या एलईडीखाली धड ना हिरवा ना पिवळा, अळूच्या वाळक्या पानासारखा. कुठे घालून जाणार असाल तर तिथले दिवे कसले आहेत ते आधी विचारून घ्या. पांढरे असतील आणि लोकांनी ओळखावं अशी इच्छा असेल, तर याच प्रमाणात नेव्ही ०.०४ पर्यंत खाली आणा. तो तीन नंबरचा तुकडा होता आणि तो कुठल्याही उजेडात मोहरीच दिसतो.

उरलेलं वेलूर सव्वातीन किलो आहे, न रंगवलेलं. डाग पडलेल्या पहिल्या घाण्यातून चेनचा सराव झाला आणि दोन उशांचे अभ्रे.

ट्युनिक धुलाईला देऊ नका. उलटं करून, गार पाण्यात, हाताने, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं. हँगरवर ओलं टांगलं तर रॅगलनचा खांदा खाली ओघळतो आणि बाही हाडाखाली जाते. वाळल्यावर लव वरून खाली ब्रशने बसवा. ठेवताना घडी नको, सैल गुंडाळी करा आणि आत पांढरं मलमल घाला. घडीची रेघ वेलूरमध्ये पडली की वाफेनेही पूर्ण जात नाही.